पोर्टलला हलका फोटो, पालकांना मात्र जड



एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का बघा. कुठल्याही सरकारी अर्जाला फोटो जोडायचा असला की आपण तो आधी लहान करतो. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की नवोदयचा, 'फोटो इतक्या केबीच्या आत हवा' असं तिथे लिहिलेलंच असतं. थोडा जरी मोठा झाला तरी पोर्टल तो घेत नाही. मग आपण धावपळ करून, कोणाला तरी विचारून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून तो बसवतो.

आणि तोच शिक्षक संध्याकाळी वर्गाच्या गटावर आणि ब्लॉगवर सहलीचे वीस फोटो टाकतो तेव्हा? फोनमधून निघाले तसेच टाकतो. एकेक चार-चार एमबीचा. कारण तिथे अडवणारं कोणी नसतं. पालक काही 'फाइल साइज एक्सीड' असा लाल संदेश दाखवत नाहीत. ते बिचारे गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतात किंवा फोन बाजूला ठेवून देतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोर्टलसाठी जी मेहनत आपण घेतो तीच पालकांसाठी घ्यायला हवी, आणि ती फोटो पाठवणाऱ्याने घ्यायला हवी. पाठवणारा एक असतो, उघडणारे चाळीस.

'आता नेट स्वस्त झालंय हो, एवढं काय त्यात' असं बरेच जण म्हणतात. चला, गणितच करू, तेही चौथीच्या मुलाला जमेल असं. चार एमबीचे वीस फोटो म्हणजे ८० एमबी. चाळीस पालकांनी ते उघडले तर ३,२०० एमबी, म्हणजे तीन जीबीहून जास्त. तेच फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले तर सगळे मिळून ४ एमबी, आणि चाळीस घरांत मिळून १६० एमबी. फोनच्या पडद्यावर बघणाऱ्याला या दोन्हींत फरक दिसतो का? नाही दिसत. का नाही, ते पुढे सांगते.

आता आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर आणा. तुर्भे, दिघा, रबाळे या भागातल्या महापालिका शाळांमध्ये येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी फोन एकच असतो, आणि तो दिवसभर बाबांबरोबर मार्केटला, रिक्षावर किंवा साइटवर असतो. रात्री नऊला फोन घरी येतो तेव्हा दिवसाचा डेटा बहुतेक संपलेला असतो. डेटा संपला की अनेक पॅकमध्ये नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. या वेगाने चार एमबीचा एक फोटो यायला पाचशे सेकंद लागतात, आठ मिनिटांहून जास्त. २०० केबीचा फोटो पंचवीस सेकंदांत येतो. आपण गृहपाठाचं चित्र पाठवलं आणि मुलाने गृहपाठ केला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला उभं करण्याआधी हा आठ मिनिटांचा हिशोब जरूर करावा.

आता फोटो लहान केल्यावर खराब कसा दिसत नाही ते बघू. फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. पालकांच्या साध्या फोनच्या पडद्याची रुंदी असते ७२० ठिपके. आडवा फोटो उभ्या फोनवर बघितला तर तो ७२० बाय ५४० एवढ्याच जागेत बसतो, चार लाखांपेक्षाही कमी ठिपक्यांत. उरलेले एक कोटी सोळा लाख ठिपके डेटा खाऊन येतात आणि कोणालाही न दिसता परत जातात. फोटोची लांब बाजू १२८० केली तर १२८० बाय ९६० म्हणजे साधारण बारा लाख ठिपके होतात. मूळच्या एक दशांश. मुलाने बोटांनी चित्र थोडं मोठं करून बघितलं तरी पुरतं.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. पहिलं, आकार लहान करणं, म्हणजे ठिपक्यांची संख्या कमी करणं. दुसरं, दाबणं, म्हणजे ठिपके तेवढेच ठेवून त्यांची माहिती थोडक्यात लिहिणं. जेपीजी हे दुसरं काम करतं. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, आणि आपल्या डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत असे बारकावे प्रत्येक चौकोनातून गाळतं. रंगातला बारीक फरक आपल्याला कमी कळतो, उजेड-अंधाराचा जास्त कळतो, याचाही ते फायदा घेतं. यामागचं गणित १९७४ साली ज्यांनी प्रसिद्ध केलं त्यांतले मुख्य, नासिर अहमद, हे मूळचे बेंगळुरूचे. हे वर्गात आवर्जून सांगा. मुलं रोज जे फोटो बघतात त्यांच्यामागे एका भारतीय माणसाचं डोकं आहे हे कळलं की त्यांना छान वाटतं.

आधी आकार लहान करा, मग दाबा. आकार तसाच ठेवून नुसतं दाबत गेलात तर फोटोत चौकोन दिसायला लागतात आणि मुलांचे चेहरे चिखलातून काढल्यासारखे होतात.

हे सगळं कॉम्प्युटरवर करावं असं माझं ठाम मत आहे. फोनवर एकेक फोटो उघडून लहान करणं म्हणजे किरकोळ धंदा. कॉम्प्युटरवर अख्खा फोल्डर एकदम देणं, ज्याला बॅच म्हणतात, म्हणजे घाऊक. एपीएमसी मार्केट शेजारी असल्यावर किरकोळ आणि घाऊक यांतला फरक आपल्याकडे वेगळा समजावून सांगायला नको. साठ फोटो असोत की सहाशे, सेटिंग एकदाच करायचं, बटण दाबायचं आणि हजेरीपट पूर्ण करायला बसायचं.

मी इरफानव्ह्यू वापरते. इरफान श्किल्यान नावाच्या एका बोस्नियन माणसाने १९९६ मध्ये ते आणलं आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. घरगुती वापरासाठी आणि शाळांसाठी ते मोफत आहे. जेमतेम काही एमबीचं आहे, त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं. फक्त ते त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. 'डाउनलोड' लिहिलेली हिरवी बटणं दाखवणाऱ्या भलत्याच साइट पुष्कळ आहेत. विंडोज नसेल तर एक्सएनकन्व्हर्ट आहे, ते मॅक आणि लिनक्सवरही चालतं. सीझियम नावाचं एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, त्यात दाबण्याआधीचं आणि नंतरचं चित्र बघून तुलना करता येते. मला सवय इरफानव्ह्यूची म्हणून त्याचंच सांगते.

ते उघडा आणि कीबोर्डवर इंग्रजी बी दाबा. बॅच कन्व्हर्जनची खिडकी येते. उजवीकडे तुमचा फोल्डर शोधा आणि 'अ‍ॅड ऑल' करा. आउटपुट फॉरमॅट जेपीजी निवडा. त्याच्या शेजारच्या 'ऑप्शन्स'मध्ये क्वालिटी ८० ठेवा. ७५ चालेल, ६०च्या खाली शक्यतो जाऊ नका. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन रीसाइजवर खूण करा आणि लांब बाजू १२८० करा. तिथेच दोन गोष्टी बघा. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण असली पाहिजे, नाहीतर अख्खा वर्ग एकदम बुटका आणि जाडा दिसतो. आणि लहान चित्र मोठं करू नको अशी खूण असली पाहिजे, कारण चारशे ठिपक्यांचं चित्र फुगवून बाराशेचं केलं तर वजन वाढतं, स्पष्टता मात्र कणभर वाढत नाही. शेवटी आउटपुटसाठी वेगळा फोल्डर द्या. हे फार महत्त्वाचं आहे. मूळ फोटोंच्या फोल्डरवरच नवे फोटो लिहिले गेले तर मूळ गेले म्हणून समजा. झालं. 'स्टार्ट बॅच' करा.

'मॅडम, एवढं कशाला? ऑनलाइन साइटवर फोटो टाकला की लगेच लहान होऊन मिळतो,' असं एका कार्यशाळेत एक शिक्षक म्हणाले. मिळतो, खरं आहे. झाडाचा, नकाशाचा, किल्ल्याचा फोटो असेल तर माझी काही हरकत नाही. पण आपल्या फोटोंत मुलं असतात. ती साइट कोणाची, कोणत्या देशातली, तिच्याकडे गेलेला फोटो पुसला जातो की राहतो, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर नेट बंद ठेवूनही चालतं. फोटो शाळेच्या खोलीबाहेर जातच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शेजारच्या मुलाचा फोटो आपण अनोळखी दुकानात ठेवून येऊ का? मग वर्गातल्या चाळीस मुलांचा तरी का ठेवायचा?

याच जागी आणखी एक काम होऊन जातं. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल अशी माहिती दडलेली असते. लोकेशन चालू असेल तर ती जागाही अक्षांश-रेखांशांसह असते. शाळेचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. पण आपण गृहभेटीला जातो तेव्हा मुलाच्या घरी फोटो काढतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते. 'स्पष्ट दिसावा म्हणून' डॉक्युमेंट करून पाठवला की ती तशीच सोबत जाते. म्हणजे मुलाच्या घराचा पत्ता आपण चाळीस फोनांत पोचवतो, तेही नकळत. इरफानव्ह्यूच्या जेपीजी ऑप्शन्समध्ये ही माहिती, म्हणजे एक्झिफ डेटा, ठेवायची की नाही ते विचारलेलं असतं. ती खूण काढून टाका. एकच काळजी घ्या. फोटो उभा आहे की आडवा हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं. त्यामुळे काम झाल्यावर चार-पाच फोटो उघडून कोणी आडवं पडलेलं नाही ना, ते बघा. फाइलच्या नावात मुलाचं नाव नको. याच खिडकीतून घाऊक नावंही बदलता येतात, 'दुसरी-पाढे-०१' अशी.

इथपर्यंत फोटोंचं झालं. पण माझा खरा जीव अडकला आहे तो तक्त्यांत आणि स्वाध्यायपत्रिकांत. फोटोला लावायचे नियम तिथे लावले तर पंचाईत होते, आणि मराठी शाळांच्या बाबतीत ती जरा जास्तच होते.

जेपीजी बनलं ते निसर्गाच्या, माणसांच्या फोटोंसाठी, जिथे रंग हळूहळू बदलतात. पांढऱ्या कागदावरचं काळं अक्षर म्हणजे अचानक बदल. तो आठ बाय आठच्या चौकोनात नीट मावत नाही. म्हणून जोरात दाबलं की अक्षरांच्या कडेने करडे ठिपके उठतात, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. इंग्रजी अक्षरं ठळक, सुटी सुटी असतात, ती त्यातही वाचता येतात. आपल्या लिपीत मात्र अर्थ बारीक जागांमध्ये असतो. 'रंग'वरचा अनुस्वार त्या मुंग्यांत हरवला की 'रग' उरतो. 'चिंच'ची 'चिच' होते. 'भ' आणि 'म' यांत फरक कशाचा? डोक्यावरची रेघ तुटली आहे की नाही, याचा. 'घ' आणि 'ध' यांचंही तेच. ती फट बुजली की 'भात'चा 'मात' आणि 'धर'चं 'घर'. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार तर पुसट झाल्यावर सारखेच दिसतात. रफार उडाला तर 'सूर्य' ओळखायचा कसा?

तुम्ही-आम्ही हे वाचतो, कारण शब्द आपल्याला आधीच माहीत असतो. डोळ्यांना दिसलं नाही ते डोकं भरून काढतं. पहिलीतल्या मुलाकडे ते भांडवल अजून नाही. त्याला दिसेल तेच तो वाचणार, आणि आपण म्हणणार, 'याला भ-म कळत नाही.' अहो, त्याला कळतं, चित्रातच ते नाही!

त्यातून आपल्या गटांवर फिरणाऱ्या स्वाध्यायपत्रिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. कोणीतरी पुस्तकाच्या पानाचा फोटो काढतो, दुसरा तो कापून पुन्हा सेव्ह करतो, तिसरा त्याचा स्क्रीनशॉट घेतो, चौथा त्यावर शाळेचं नाव टाकतो. जेपीजी प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केलं की थोडं थोडं गळतं. पाचव्या शाळेत पोचेपर्यंत अनुस्वार वाटेतच उतरलेले असतात. चौघांची नावं मात्र चारही कोपऱ्यांत ठळक असतात!

म्हणून अक्षरांचा मजकूर असेल तर माझे नियम वेगळे आहेत. पहिली पसंती अशी की मजकूर चित्र करून पाठवूच नका, टाइप करा. दहा ओळींचा टाइप केलेला मजकूर काही केबींतच जातो, हवा तेवढा मोठा करून वाचता येतो, आणि आईला वाचता येत नसेल तर फोन तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. चित्रच हवं असेल, म्हणजे रेघा जोडा, रंग भरा असलं काही, तर ते जेपीजीत नको, पीएनजीत ठेवा. पीएनजी काहीही गाळत नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंगच थोडे असतात, म्हणून 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन रंगांची संख्या १६ करा. फाइल लहान होते आणि रेघ तशीच काळी राहते. फोटो काढलेला कागद असेल तर आधी उजेडात सरळ धरून काढा आणि कडा कापा. सावली पडलेल्या करड्या कागदावर पीएनजीचाही उपयोग होत नाही. आणि लांब बाजू इथे १२८० ऐवजी १६०० ठेवली तरी चालेल. वजन कमी करायचं म्हणून अक्षर मारायचं नाही.

डीएडला असताना आम्हाला तक्ता करायला लावायचे तेव्हा सर शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि तिथून वाचता आलं नाही तर तक्ता परत करायचे. स्केचपेन बदला, पुन्हा लिहा. आता शेवटचा बाक म्हणजे पाच इंची, काच तडकलेला, उजेड कमी केलेला फोन. स्टाफरूममधल्या मोठ्या मॉनिटरवर बघून 'छान दिसतंय' म्हणण्यात अर्थ नाही. असा एखादा साधा फोन मिळवा, त्यावर चित्र उघडा आणि पहिलीतल्या एखाद्या मुलीला वाचायला द्या. ती 'भात' म्हणाली तर पाठवा.

क्यूआर कोडबद्दलही हेच. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यानंतर आपल्यापैकी अनेकांनी उत्साहाने भिंतींवर, वह्यांवर कोड चिकटवले. चांगलंच झालं. पण कोड स्कॅन केल्यावर मागून सहा एमबीचं चित्र येत असेल तर मूल दोनदा वाट बघेल, तिसऱ्यांदा कोडकडे बघणारही नाही. पाठ्यपुस्तकातला कोड आपल्या हातात नाही, आपण चिकटवलेला आहे.

वरच्या वर्गात शिकवत असाल तर एक जोड देता येईल. मुलांना वाटतं फोटो 'क्लाउड'मध्ये, म्हणजे वर ढगात जातो. ऐरोली, रबाळे, महापे या आपल्याच पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. तसल्या इमारतींत रात्रंदिवस वीज घेऊन चालणारी, थंड ठेवावी लागणारी यंत्रं असतात, आणि लोकांचे फोटो असल्याच यंत्रांवर साठवलेले असतात. बसमधून जाताना दाखवा. नको असलेला फोटो पुसायला मुलं आपणहून शिकतात.

पालकांनो, तुमच्याकडूनही एक हवं आहे. चित्र उघडत नसेल, अक्षर पुसट असेल तर शिक्षकांना सांगा. 'आपलंच नेट खराब असेल' म्हणून गप्प बसू नका. आणि मुलाच्या वहीचा फोटो पाठवताना तुम्ही कॉम्प्युटर लावावा असं कोणी म्हणत नाही. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो स्वतःच लहान करतं, तेवढं पुरे आहे.

शेवटी मूळ फोटोंचं. ते पुसू नका. शाळेच्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर वर्षाप्रमाणे फोल्डर करून ठेवा. स्नेहसंमेलनाला आठ फुटी बॅनर छापायचा असतो तेव्हा १२८० ठिपक्यांच्या फोटोत मुलांचे चेहरे फुटतात, छपाईवाला मूळ फोटोच मागतो, आणि नेमका तेव्हा तो फोटो ज्यांच्या फोनमध्ये होता त्या शिक्षकांची बदली झालेली असते.